मोसरझेच्या काठावरचा पोळा

उंटरश्लाइसहाइम, ६ जुलै २०२५

ईप्सिता,

आशीर्वाद आहेतच, पण या वेळी कपाळाला आठ्या घालून पाठवते आहे. दहावीनंतर माझं अक्षर कोणी पाहिलेलं नाही, आणि आज तुझ्यामुळे मी पेन शोधत बसले. दादाने कळवलं की तुझ्या डोंगरावर फोनला रेंज नाही आणि टपाल आठवड्यातून दोनदा सामानाच्या पाळण्यातून वर जातं. किती रम्य! मी वीस वर्षं जर्मनीत आहे, या देशात असं काही शिल्लक असेल असं मला वाटलं नव्हतं.

दादाने तुला ब्राउनश्वाइगला पाठवलं ते गाडीच्या सीटची कंपनं मोजून डॉक्टर व्हायला. तीन वर्षं मोजलीस. आता प्राध्यापकाकडून बिनपगारी रजा घेऊन बायर्नच्या डोंगरात गुरं वळते आहेस म्हणे. आपल्या घराण्यात सात पिढ्यांत कोणी शेळीसुद्धा पाळली नाही. परवा मराठी मंडळाच्या मीटिंगमध्ये आमच्या सेक्रेटरीने, त्या रुपेशने, सगळ्यांसमोर विचारलं, ‘‘ताई, तुमची भाची हल्ली काय करते?’’ मी म्हणाले, ‘‘आल्पाइन फील्ड रिसर्च.’’ तो ‘वॉव’ म्हणाला. त्या माणसाला कशालाही वॉव म्हणायची सवय आहे, म्हणून निभावलं.

खरं काय ते सांग. प्राध्यापकाशी भांडलीस की कोणा मुलाशी? दोन्हीवर उपाय आहेत. शेण काढणं हा त्यातला नाही.

तुझी,
अरुंधतीआत्या


मोसरझेच्या वरचं आल्म, १५ जुलै

प्रिय आत्या,

तुझ्या आठ्या पोचल्या. पाळण्यात मैद्याच्या पोत्याखाली होत्या, थोड्या चुरगळल्या आहेत.

कोणाशी भांडले नाही. तीन वर्षं मी हे मोजलं, की खड्ड्यातून जाताना श्रीमंत माणसाचं बूड किती हलतं आणि ते आणखी कमी कसं हलेल. एक दिवस मला हसू आलं आणि ते थांबेना. तेव्हा जाहिरात दिसली, की आल्मवर मदतनीस हवा.

आल्म म्हणजे डोंगरातलं उन्हाळी कुरण. मे संपता संपता गावातली गुरं वर चढवतात, सप्टेंबरात खाली उतरवतात. माणसंही त्यांच्याबरोबर चढतात आणि उतरतात, शेकडो वर्षं. इथली मालकीण बुर्गी एकाहत्तर वर्षांची आहे, तिचा हा बेचाळिसावा उन्हाळा. एकतीस जनावरं, त्यातल्या सहा दुभत्या. मी पहाटे पाचला उठते, धारा काढते, चीज ढवळते, कुंपणं बघत फिरते. पहिल्या महिन्यात ती माझ्याशी एकूण चाळीसेक शब्द बोलली असेल.

खाली मोसरझे. तळं खरंच सुंदर आहे, सकाळी सात वाजेपर्यंत. मग माणसं येतात. आल्प्स विकत घेतल्यासारख्या काठ्या आपटत येतात, तळ्याकडे पाठ करून फोटो काढतात आणि मला विचारतात, ‘‘इथे वायफाय आहे का?’’ काल एका बाईने लिझलला, आमच्या सगळ्यात गरीब गाईला, ‘‘जरा डावीकडे हो’’ म्हणून सांगितलं. लिझल झाली. त्या दोघींत शहाणी कोण ते मला कळलं.

आता खरी गोष्ट. बुर्गीचे गुडघे गेले आहेत. पुढच्या मेपासून हे आल्म कोणाच्या हाती द्यायचं ते ती सप्टेंबरात, गुरं खाली नेताना सांगणार आहे. परवा मी धीर करून विचारलं, मी चालेन का? ती म्हणाली, ‘‘हो, बघू.’’ बुर्गीच्या तोंडून एवढं म्हणजे खूप झालं. आत्या, मला हे हवं आहे. इतकं मला आजवर काहीच हवं नव्हतं. तू हसशील, हस.

ईप्सिता


उंटरश्लाइसहाइम, ३ ऑगस्ट

ईप्सिता,

हसले नाही. प्रताप हसला. म्हणाला, ‘‘मलापण जायला आवडेल.’’ माझ्या या नवऱ्याला डिशवॉशर रिकामा करायचा कंटाळा आहे.

तुझं डोकं सप्टेंबरपर्यंत ताळ्यावर येईल अशी आशा ठेवते. तोवर तुझ्या त्या वेडाचा काही उपयोग करून घ्यायचं मी ठरवलं आहे. आमचं मंडळ दरवर्षी पोळा साजरा करतं, कम्युनिटी हॉलमध्ये, पुठ्ठ्याच्या बैलावर. तो बैल रुपेशची बायको कापते. मागच्या वर्षी तो इतका कुत्र्यासारखा दिसत होता की एका मुलाने त्याला बॉल टाकला. पुरणपोळी खाऊन सगळे घरी जातात आणि मुलांना वाटतं हा पुरणपोळीचा बर्थडे.

म्हणून या वर्षी पोळा तुझ्याकडे. खरी जनावरं, मागे तळं, वर बर्फ. मी विषय काढला आणि हॉलमध्ये टाळ्या पडल्या. अमावास्या शुक्रवारी आहे, पण शुक्रवारी ऑफिस आणि सत्तावीसला गणपती, तेव्हा रविवार, चोवीस ऑगस्ट. तुझ्याकडे बैल नाहीत, चालेल का, ते मी गुरुजींना झूमवर विचारून घेतलं. ते म्हणाले गाय चालेल, भाव महत्त्वाचा. त्रेचाळीस कुटुंबांनी नावं दिली आहेत. आमचा विहान यायला तयार नाही. मी मराठीत समजावलं, त्याने जर्मनमध्ये उत्तर दिलं की गाईंना वास येतो. चौदा वर्षांचा झाला, अजून गाय गाडीच्या काचेतूनच पाहिली आहे त्याने.

तुझ्या बुर्गीला हवं तर विचार, नको तर नको. तिला काय कळणार आहे पोळा?

अरुंधतीआत्या


आल्म, १२ ऑगस्ट

प्रिय आत्या,

त्रेचाळीस कुटुंबं! लढाईला जाताना लोक याहून कमी निघत असतील.

तरी या. बुर्गी त्या रविवारी खाली गावात असेल, पणतीच्या बारशाला. ती संध्याकाळी परत येते. मी तिला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती. दुपारी एकपर्यंत आवरा. ड्रोन आणायचा नाही, स्पीकर लावायचा नाही, आणि कोणाही बाळाचा डायपर गवतात राहता कामा नये. मागच्या आठवड्यात एक सापडला आणि बुर्गीने तो काठीवर धरून त्या बापाला पार्किंगपर्यंत जाऊन गाठलं.

पार्किंगपासून सव्वा तासाची चढण आहे, रस्ता रुंद आहे. चपला घालून येऊ नका. रुपेशला वॉव म्हणायला श्वास उरणार नाही, ती एक शांतता मिळेल.

लिझलला आदल्या दिवशी घासून ठेवीन. ती फार देखणी आहे, बघालच.

ईप्सिता


उंटरश्लाइसहाइम, २५ ऑगस्ट

लाडके ईप्सिता,

‘लाडके’ लिहिलं आहे, लक्षात घे. काल तू माझी मान उंच केलीस.

मला वाटलं होतं, शेणात माखलेली, केस पिंजारलेली पोर दिसेल. आणि तू तिथे नऊवारीत! ट्रेकिंगच्या बुटांवर नऊवारी. रुपेशची बायको माझ्या कानात म्हणाली, ‘‘किती ग्रेसफुल आहे तुमची भाची.’’ तिच्या तोंडून आजवर स्वतःशिवाय कोणाचं कौतुक निघालेलं नाही. तू बोलायला लागलीस, तळं, कुरण, गुरं चढवण्या-उतरवण्याची पद्धत, आणि सगळे गप्प. आमच्या मंडळात भाषणाला गप्प बसत नाहीत, राष्ट्रगीताला बसतात.

बाकी गर्दीबद्दल काय लिहू? तीन जणींनी हिल्स घातल्या होत्या. एकाने चढणीवर टीम्स कॉल घेतला. पाच कुटुंबं तळं बघून ‘‘अच्छा, एवढंच का’’ म्हणाली. असली माणसं स्वर्गातही पार्किंग कुठे आहे ते आधी विचारतील.

पण पूजा झाली ती झाली. माझी पैठणी झूल म्हणून लिझलच्या पाठीवर किती शोभली! बाकीच्या गुरांनी आपल्याकडे बघून पळ काढला, ती एकटी उभी राहिली. मग ओळीने सगळ्यांनी गोग्रास दिला. भात, वरण, पुरणपोळी, कोणी कणकेचे गोळे, कोणी गूळ. प्रत्येक घरची आपली वाटी. शेवटी शेवटी ती तोंड फिरवत होती, पण तू दोरीने किती अलगद वळवून धरलंस. आपल्या घरून कोणी उपाशी परत जाऊ नये असा तुझा चेहरा होता. अगदी आईचा, म्हणजे तुझ्या आजीचा. विहानने स्वतःच्या हाताने दोन पोळ्या भरवल्या आणि गाडीत चक्क मराठीत म्हणाला, ‘‘तिची जीभ खरखरीत आहे.’’ प्रतापच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही, पण मी गॉगल घातला होता.

पुढच्या मेचं काय ते बुर्गीने ठरवलं का? आता मी अगदीच विरोधात नाही.

तुझी आत्या


आल्म, २८ ऑगस्ट

आत्या,

लिझल मंगळवारी दुपारी मेली.

सोमवारी पहाटे ती उठली नाही. दात खात होती, डावी कूस फुगली होती. बुर्गीने तिच्या पोटाला कान लावला आणि वायरलेसवरून डॉक्टरला बोलावलं. तो दुसऱ्या खोऱ्यात अडकला होता, वर पोचेपर्यंत मंगळवार उजाडला. त्याने नळी घातली, औषध ओतलं, मान हलवली. गाईचं पोट गवताचं असतं. भात, पीठ, गूळ एकदम भरपूर गेलं की आत सगळं आंबतं आणि विष होतं. एक घास काही करत नाही. त्रेचाळीस घरांचे त्रेचाळीस घास आणि वर पोळ्या, हे सगळं एका जनावराच्या पोटात गेलं.

मेलेलं जनावर इथून हेलिकॉप्टरने नेतात. चारी पाय बांधून, खाली लोंबकळत. ती तळ्यावरून गेली तेव्हा काठावरची माणसं फोन वर करून उभी होती. एकाने हात हलवला. मी या लोकांना जुलैपासून नावं ठेवते आहे, पण त्या दिवशी त्यांना दगड मारावासा वाटला.

खाली तपासलं तेव्हा पोटात भात आणि पिवळी डाळ निघाली. बुर्गीने ते ऐकलं. तिला वाटतं, कोणी प्रवाशांनी घातलं. तसं मी तिला वाटू दिलं आहे.

उन्हाळ्यात एकही जनावर गेलं नाही तरच गुरांना फुलांचे मुकुट घालून खाली नेतात. एक जरी गेलं तरी मुकुट नाहीत, तशीच उघड्या डोक्याने उतरवतात, म्हणजे गावाला कळतं. कागदाची फुलं आम्ही जुलैपासून करत होतो, तीनशेच्या वर झाली होती. काल बुर्गीने ती खोक्यासकट चुलीत घातली.

मी तिला सांगणार आहे. पण एकटीने सांगायची माझी हिंमत होत नाही. आत्या, तू ये. मंडळातर्फे कोणी नको, तू ये. माझ्या शेजारी उभी राहा आणि म्हण, आम्हाला माहीत नव्हतं. तिला शिव्या द्यायच्या तर दोघींना दे म्हणावं. पुढच्या शनिवारी, सहा तारखेला, ये.

ईप्सिता


उंटरश्लाइसहाइम, ४ सप्टेंबर

चि. ईप्सिता,

वाईट झालं. मलाही वाईट वाटलं, विहानला तर मी सांगितलंच नाही.

पण जरा डोकं शांत ठेव. गाय होती. ज्यांना तू एवढी घाबरतेस ते लोक रविवारी चर्चमधून येऊन तिच्याच बहिणीचा रस्सा खातात. त्यांचा विमा असतो, त्यांचं सरकार त्यांना सगळं देतं. आपण निदान तिच्या पाया पडलो.

मी शनिवारी येऊ शकत नाही, नंतरही नाही. प्रतापच्या नागरिकत्वाचा अर्ज शेवटच्या टप्प्यात आहे. आपलं मंडळ नोंदणीकृत फेराइन, म्हणजे कायदेशीर संस्था आहे, मी त्याची अध्यक्ष आहे. उद्या गावच्या पेपरात ‘भारतीयांनी गाय मारली’ असं आलं तर? हे लोक वाट बघत असतात. आपल्या त्रेचाळीस घरांनी इथे वीस-वीस वर्षं मान खाली घालून काढली आहेत, ती तुझ्या मनाच्या हलकेपणासाठी पणाला लावू? तेव्हा आल्झो, तू काही बोलू नकोस.

तुला त्रास नको म्हणून तुझ्या बुर्गीला मीच वेगळं चार ओळींचं पत्र टाकलं आहे, याच टपालाने. मोठ्या माणसांनी मोठ्या माणसांशी बोललेलं बरं असतं. तू ऑक्टोबरात ब्राउनश्वाइगला परत जाशील, सीटवर बस, पुढचं पुढे.

अरुंधतीआत्या


आल्म, १६ सप्टेंबर

आत्या,

तुझ्या चार ओळी दोन पानं होत्या. बुर्गीने त्या चहाच्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाली, ‘‘वाच.’’ तुझं जर्मन फार सुंदर आहे. एवढी शुद्ध वाक्यं तिच्या गावच्या पाद्र्यालाही जमत नाहीत असं ती म्हणाली.

मी वाचलं. भाची लहानपणापासून भाविक आहे, एकटी पडली आहे, रोज स्वतःच्या ताटातलं गाईला भरवते, ती तिच्या श्रद्धेची गोष्ट आहे, कृपया समजून घ्यावं. मंडळाची माणसं केवळ निसर्ग पाहायला आली होती, त्यांनी जनावरांना हातही लावला नाही. खाली तुझी सही, फेराइनचा शिक्का. शिक्कासुद्धा मारलास! माझ्यावर ढकलतानाही सही अगदी सरळ आली आहे.

बुर्गीने विचारलं, ‘‘श्टिम्ट दास? हे खरं?’’

तेव्हा मी सगळं सांगितलं. किती घरं, काय काय, कोणत्या दिवशी. मग मी म्हणाले, ‘‘त्यांना माहीत नव्हतं.’’

‘‘गेनाऊ, अगदी बरोबर,’’ ती म्हणाली. ‘‘त्यांना माहीत नव्हतं. तुला माहीत होतं.’’

आणि ते खरं आहे, आत्या. पहिल्याच आठवड्यात तिने मला शिकवलं होतं, शिळा पावसुद्धा द्यायचा नाही. दहाव्या वाटीला मला कळलं होतं की हे थांबवायला हवं. विसाव्या वाटीला लिझल तोंड फिरवत होती. तुला त्या वेळी माझ्या चेहऱ्यावर आजी दिसली. मी फक्त खूश होते. दोन महिने ज्यांना मी मूर्ख म्हणत होते ते सगळे माझ्याभोवती उभे राहून ‘किती छान, किती ग्रेसफुल’ म्हणत होते, आणि मला ते आणखी थोडा वेळ हवं होतं. म्हणून मी दोरी धरली आणि तिचं तोंड वळवलं. तुम्हाला मी हसत होते, पण तुमच्या कौतुकासाठी मी एक गाय दिली. माझ्याइतकी फालतू त्या दिवशी त्या काठावर दुसरी कोणी नव्हती, आणि हे मी तुझा तो गॉगल जमेस धरून सांगते आहे.

बुर्गी ओरडली नाही. शनिवारी गुरं खाली गेली. मुकुट नव्हते, घंटांच्या आत गवत कोंबलं होतं, वाजू नयेत म्हणून. मी चालले नाही. मला तिने गोठा धुवायला मागे ठेवलं. पुढच्या मेला तिची भाची येणार आहे, लांड्सहूटहून. तिला चीज करता येत नाही. शिकेल.

काल बुर्गी परत वर आली, एक फळी आणि काळा रंग घेऊन. फाटकावर एक पाटी आहेच, जर्मनमध्ये, इंग्रजीत, आणि ज्यांना दोन्ही येत नाही त्यांच्यासाठी चित्रात: गाय, घास धरलेला हात आणि त्यावर लाल फुली. तुमच्यातल्या निम्म्यांकडे जर्मनची वरच्या परीक्षेची सर्टिफिकेटं आहेत. त्या दिवशी रुपेशने आपलं जॅकेट त्या पाटीवर वाळत टाकलं होतं. बुर्गी म्हणाली, ‘‘तुमच्या भाषेत लिही. तेवढं करून जा.’’

मी लिहिलं: ‘गाईंना काही भरवू नका. एक घासही नको. २४ ऑगस्टला त्यांनी’ इथपर्यंत आले आणि थांबले. शेवटचा शब्द खरवडून काढला. त्याच्या जागी लिहिलं, ‘आम्ही इथे एक गाय मारली.’ खाली माझं नाव घातलं. शेजारी तुझ्यासाठी जागा सोडली आहे. शिक्का घेऊन ये.

ईप्सिता